ट्रकसाठी कंपनीचे एअर सस्पेन्शन घ्यावे की पाटे आणि शॉक? बेळगाव-खानापूरच्या रस्त्यांवरचा अनुभव

आमच्या घरी सध्या सहाचाकी दोन ट्रक आहेत आणि दोन्ही एकाच वजनगटातले आहेत. एकाच्या मागच्या ॲक्सलवर कारखान्यातूनच बसवून आलेले एअर सस्पेन्शन (हवेच्या फुग्यांवरचे) आहे, तर दुसऱ्याखाली पॅराबोलिक पाटे (संख्येने थोडे, टोकांकडे निमुळते लीफ स्प्रिंग) आणि नेहमीचे तेलाचे शॉक, म्हणजे हेलकावा जिरवणारे शॉक ॲब्सॉर्बर, आहेत. हवेची गाडी २०२० च्या अखेरीस आली आणि पाट्यांची त्यानंतर साधारण वर्षभराने. गेल्या काही महिन्यांत तिसरी गाडी घेण्याचे घरात चालले होते, तेव्हा हवा की पाटे हा प्रश्न आम्हाला पुन्हा पहिल्यापासून मांडावा लागला, आणि त्याच सुमारास खानापूर व निपाणीकडच्या ओळखीच्या तीन-चार गाडीमालकांनीही तोच प्रश्न विचारला. प्रत्येकाला फोनवर तुटक तुटक सांगत बसण्यापेक्षा सगळे एकदा सविस्तर लिहावे, म्हणून हे लिहीत आहे. दोन्ही गाड्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या आहेत, परंतु येथे तुलना कंपन्यांची नसून बांधणीच्या दोन पद्धतींची आहे. त्यामुळे नावे देत नाही.

आमचे काम काय आहे हे आधी सांगायला हवे, कारण सस्पेन्शनचा निकाल मालावर आणि रस्त्यावर ठरतो. उद्यमबाग आणि मच्छे येथील कारखान्यांतून मशिनिंग झालेली कास्टिंग (धातूचे ओतीव भाग) पॅलेटवर रचून आम्ही पुण्याकडे नेतो; हा सुमारे साडेतीनशे किलोमीटरचा हमरस्ता आहे, आणि परतीला कधी पेटीबंद माल मिळतो, कधी गाडी रिकामीच येते. दुसरे काम खानापूरच्या कौलांचे आणि विटांचे. खानापूरची माती या कामाला इतकी उत्तम, की खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची मध्यवर्ती संस्थाही तेथेच आहे. हा माल गोव्यात आणि सिंधुदुर्गात जातो, म्हणजे पिरनवाडीहून जांबोटी, कणकुंबी, चोर्ला आणि खाली केरी-साखळी, किंवा अनमोडचा घाट, किंवा शिनोळी-चंदगडवरून आंबोली. पहिल्या कामात रस्ता बरा आणि माल जपण्याजोगा, दुसऱ्यात माल ठिसूळ आणि रस्ताही अवघड. सुरुवातीला आम्हाला वाटले होते, की माल ठिसूळ म्हणजे हवेची गाडी, इतका हा हिशेब सोपा असेल. तो तसा निघाला नाही.

पाट्यांची गाडी समजायला सोपी आहे, कारण पाटा एकाच वेळी दोन कामे करतो. तो ओझे झेलतो आणि ॲक्सलला जागच्या जागी धरूनही ठेवतो. हवेचा फुगा, ज्याला कंपनीचे लोक बेलो म्हणतात आणि आमचे मेस्त्री सरळ फुगाच म्हणतात, तो केवळ ओझे झेलतो. ॲक्सल पुढे-मागे किंवा आडवा सरकू नये यासाठी वेगळे दांडे लागतात आणि त्या प्रत्येक दांड्याला रबरी बुश असतात. फुग्यांना हवा मिळते ती ब्रेकसाठी इंजिनवर बसवलेल्या कॉम्प्रेसरकडूनच, परंतु मध्ये एक सुरक्षा व्हॉल्व्ह असतो, जो ब्रेकच्या टाकीत पुरेसा दाब असल्याशिवाय सस्पेन्शनकडे हवा सोडत नाही. चॅसीवर उंची राखणारा आणखी एक व्हॉल्व्ह असतो आणि त्याचा दांडा एका कडीने ॲक्सलशी जोडलेला असतो. माल चढला, चॅसी खाली आली, की दांडा वर उचलला जातो आणि फुग्यात हवा भरते. माल उतरला, चॅसी वर गेली, की दांडा खाली ओढला जाऊन हवा बाहेर पडते. मोठ्या आणि महागड्या गाड्यांत हेच काम विजेच्या सेन्सरवर चालते, पण तत्त्व एकच आहे. रिकाम्या गाडीच्या फुग्यात दाब थोडा असतो आणि भरल्या गाडीत तो कित्येक पटींनी वाढतो.

हवेचा खरा फायदा येथूनच सुरू होतो. पाटे पूर्ण भराच्या हिशेबाने घडवलेले असतात. सहाचाकी गाडीची कायदेशीर मर्यादा जुलै २०१८ मध्ये १६.२ टनांवरून १८.५ टनांवर गेली, आणि तेवढे ओझे झेलणारा पाटा रिकाम्या गाडीखाली लोखंडाच्या पहारीसारखा ताठ राहतो. भरलेली गाडी त्यामुळे बरी चालते आणि रिकामी गाडी आपटते. फुग्याचा ताठपणा मात्र आतल्या दाबाबरोबर कमी-जास्त होतो, म्हणून गाडी भरलेली असो की रिकामी, तिचे हेलकावे जवळजवळ सारख्याच लयीचे असतात. पुण्याहून रिकामे परतताना कागल ते सातारा पट्ट्यातील रुंदीकरणाच्या वळणांवर आणि खरवडलेल्या डांबरावर हा फरक अगदी उघड कळतो. पाट्यांच्या गाडीत मागचा हौदा खणखणत राहतो, साखळ्या उडतात, फाळक्यांच्या कड्या सैल होतात. हवेच्या गाडीत हौद्याचा आवाजच येत नाही. अर्धा भार घेऊन जाणाऱ्या गाड्यांनाही हाच लाभ मिळतो, आणि किराणा, औषधे किंवा कुरिअरचा माल वाटेत थोडा-थोडा उतरवत जाणाऱ्यांनी ही गोष्ट अवश्य विचारात घ्यावी.

कास्टिंगच्या कामात आम्हाला दुसरा फायदा दिसला. मशिनिंग केलेला पृष्ठभाग आरशासारखा असतो आणि पॅलेटवर दोन नगांच्या मधला पुठ्ठा सरकला, की धातूवर धातू घासून त्यावर बारीक चकाकणारी खूण उठते. ती खूण नखाला क्वचितच लागते, पण तपासणीच्या टेबलावर असा नग बाजूला काढला जातो आणि त्याची किंमत आमच्या भाड्यातून कापली जाते. पाट्यांच्या गाडीत असे नग निघत असत. हवेच्या गाडीत ते पूर्ण बंद झाले असे मी म्हणणार नाही, परंतु तक्रार इतकी कमी झाली, की आता कारखान्याचे लोक स्वतःहून तीच गाडी मागतात. शिवाय पुण्याकडच्या गोदामांत माल धक्क्यावरून फोर्कलिफ्टने उतरतो. पाट्यांच्या गाडीत तीन-चार पॅलेट उतरली, की हौद्याची पातळी वर उठते आणि फोर्कलिफ्टला मध्ये पायरी लागते. हवेची गाडी आपली उंची राखते आणि हवे तर बटणाने थोडी वर-खाली करता येते. हे काम लहान वाटते, पण रांगेत उभ्या असलेल्या गाडीला त्यात अर्धा तास वाचतो.

चालकाच्या सुखाविषयी मात्र मोठा गैरसमज आहे. हवेची गाडी घेतली म्हणजे चालकाची पाठ सुटली, असे विक्रेते सहज सांगून जातात. आमच्या गाडीत हवा फक्त मागच्या ॲक्सलवर आहे. पुढे पाटेच आहेत, आणि चालक बसतो तो पुढच्या ॲक्सलच्या जवळपास डोक्यावर. त्याला लागणारे धक्के पुढच्या पाट्यांवर, पुढच्या शॉकवर, केबिनच्या स्वतःच्या सस्पेन्शनवर आणि आसनावर ठरतात. मागचा भाग उड्या मारत नाही म्हणून त्याला थोडा आराम मिळतो, हे खरे. परंतु चालकासाठी पैसा घालायचा असेल, तर तो आधी चांगल्या आसनात आणि केबिनच्या सस्पेन्शनमध्ये घालावा. आमचे जुने चालक, ज्यांनी आयुष्यभर पाट्यांवर गाडी चालवली, त्यांचे दोन्ही गाड्या चालवून झाल्यावर हेच मत पडले.

आता घाटातला अनुभव. दोन वर्षांपूर्वी पावसाळा नुकताच सरला असताना हवेची गाडी कौले घेऊन चोर्ल्याच्या रस्त्याने निघाली होती. जांबोटीच्या पुढे, जंगलाचा पट्टा सुरू होतो तेथून, रात्री नऊच्या सुमारास चालकाचा फोन आला, “मालक, गाडी मागनं बसलीया, हवाच धरंना झालीया.” खड्ड्यात आपटल्यावर उंची राखणाऱ्या व्हॉल्व्हची कडी रबरी बुशमधून निसटली होती, दांडा मोकळा होऊन खाली लोंबला आणि व्हॉल्व्हने आपल्या समजुतीप्रमाणे फुग्यांतली सगळी हवा सोडून दिली. फुगे फुटलेले नव्हते, नळी तुटलेली नव्हती, कॉम्प्रेसर धडधाकट होता, आणि तरीही बोटभर लांबीच्या एका कडीमुळे कौलांनी भरलेली गाडी ठोकळ्यांवर (हवा नसताना चॅसी ज्यांवर टेकते त्या रबरी ठोकळ्यांवर) बसून राहिली. चालकाने चाकांना दगड लावले, चॅसी व ॲक्सल यांच्यामध्ये लाकडी ओंडका सरकवला आणि मगच हात आत घातला. हा क्रम मी मुद्दाम लिहीत आहे, कारण हवा सुटत असताना चॅसी खाली येते आणि त्या फटीत हात सापडला तर तो वाचत नाही. दांडा वर धरून त्याने फुगे भरून घेतले, चॅसी नेहमीच्या उंचीला आल्यावर दांडा आडवा करून तारेने आवळला, आणि सावकाश गाडी परत बेळगावात आणली. माल दुसऱ्या दिवशी पाट्यांच्या गाडीत चढवून गोव्याला पाठवावा लागला.

खरी अडचण त्यापुढे सुरू झाली. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरवर ती कडी नव्हती. व्हॉल्व्हसह पूर्ण संच दुसऱ्या शहरातून मागवावा लागेल असे सांगण्यात आले आणि तो यायला सहा दिवस लागले. सहा दिवस गाडी दारात उभी, चालकाचा पगार चालू, कर्जाचा हप्ता चालू. माझा राग सुटा भाग तुटल्यावर नाही, तुटणे हा यंत्राचा धर्म आहे. परंतु ज्या भागाने गाडी रस्त्यावर बसते, तो भाग गाडी विकणाऱ्याच्या कपाटात नसावा, हे मला आजही पटत नाही. आता आम्ही दोन कड्या, त्यांचे बुश आणि एक व्हॉल्व्ह गाडीच्या पेटीतच ठेवतो.

तांबड्या मातीचाही येथे स्वतंत्र विचार करावा लागतो; गुळगुळीत रस्त्याच्या भागातील गाडीमालकांना तो करावा लागत नाही. फुग्याचा खालचा भाग एका नळकांड्यासारख्या बैठकीवर गुंडाळला जात खाली-वर होतो. खानापूर तालुक्यातील रस्त्यांवरचा चिखल त्या घडीत साचतो, वाळतो, आणि मग प्रत्येक हेलकाव्याला रबर त्यावर काचकागदासारखे घासले जाते. आमच्या डाव्या फुग्यावर घडीच्या जागी धाग्यांची जाळी दिसू लागली, तेव्हा हे लक्षात आले. बाहेरून पाहिल्यावर फुगा नवा दिसत होता. चॅसी उचलून घडी ताणल्यावर आत पांढरे दोरे दिसले. तेव्हापासून पावसाळ्यात दर आठवड्याला फुग्यांच्या घडीत साध्या पाण्याचा फवारा मारतो आणि महिन्यातून एकदा सांध्यांवर साबणाचे पाणी सोडून बुडबुडे येतात का ते बघतो. एअर ड्रायरचे काडतूसही वेळेवर बदलावेच लागते, कारण हवेतली ओल पुढे गेली की व्हॉल्व्ह आतून गंजतो, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत ओलीशिवाय दुसरे काही नसते. जुलै २०२१ च्या पुरात निपाणीजवळ यमगर्णीला महामार्ग बंद झाला, तेव्हा हीच गाडी वाटेत अडकून तीन दिवस उभी राहिली. इंजिन बंद असल्याने हवा हळूहळू उतरली आणि चौथ्या दिवशी निघण्यापूर्वी ब्रेकची टाकी व मग फुगे भरेपर्यंत थांबावे लागले. यात बिघाड काहीच नव्हता, पण नवख्या चालकाने घाई केली असती तर गाडी ठोकळ्यांवरच पळवली असती.

पाट्यांची गाडी निर्दोष आहे असे नाही. तिचा मुख्य पाटा एकदा हत्तरगीच्या अलीकडे तुटला, एकदा सेंटर बोल्ट कापला जाऊन ॲक्सल किंचित तिरका झाला आणि गाडी एका बाजूला ओढू लागली. शॅकलच्या पिनांना ग्रीस देण्यात कुचराई झाली, की बुश खाल्ले जातात आणि वळणावर कुरकुर ऐकू येते. परंतु मुख्य पाटा तुटला त्या दिवशी रस्त्याकडेच्या पाट्यांच्या दुकानात दुपारपर्यंत काम झाले आणि संध्याकाळी गाडी कोल्हापूर ओलांडून गेली. कराडपासून धारवाडपर्यंत असे दुकान नाही असे मोठे गाव मला आठवत नाही. बसलेल्या पाट्याला पुन्हा कमान देणारे, मापाचा पाटा कापून भोक पाडून देणारे कारागीर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. एक काळजी मात्र तेथेही घ्यावी लागते: पाटे उघडून बसवले, की दोन-तीनशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्यावेत. आमचा सेंटर बोल्ट कापला गेला तो याच आळसामुळे.

पाट्यांतही जुने आणि नवे असा भेद आहे आणि येथून पुढचे मी सर्वांत कळकळीने लिहीत आहे. जुन्या गाडीत आठ-दहा पाटे एकमेकांवर दाबून बसवलेले असत. गाडी हलली की ते एकमेकांवर घासत, आणि त्या घासण्यातच हेलकावा जिरत असे. म्हणूनच जुन्या अनेक मालवाहू गाड्यांना मागच्या ॲक्सलवर शॉक नसतच, आणि कोणाला त्यांची उणीव भासत नसे. पॅराबोलिक पाटे संख्येने थोडे, मध्ये जाड आणि टोकांकडे निमुळते असतात, आणि त्यांच्यामध्ये फट ठेवलेली असते. ते वजनाला हलके आणि चालीला मऊ आहेत, पण आपसांत फारसे घासत नाहीत, म्हणून हेलकावा जिरवण्याचे काम जवळजवळ पूर्णपणे शॉकवर येते. हवेच्या फुग्यात तर घासण्यासारखे काहीच नाही. एकदा दाबलेला फुगा मोकळा सोडला, की तो चेंडूसारखा हेलकावत राहील. आणि तरीही आपल्याकडे शॉकला दुय्यम समजण्याची जुनी सवय तशीच चालू आहे: शॉक गळू लागला तर “चालतंय की” म्हणून सोडून द्यायचे आणि पासिंगच्या वेळी बघायचे.

युरोपात ही गोष्ट कायद्यातच लिहिलेली आहे. तेथे १९९६ च्या वाहन-वजनाच्या नियमांनुसार तीन ॲक्सलच्या गाडीला २५ टनांऐवजी २६ टन मिळतात, पण त्यासाठी एक मार्ग म्हणजे इंजिनने फिरणाऱ्या ॲक्सलवर जोडटायर आणि हवेचे सस्पेन्शन, किंवा हवेच्या तोडीचे ठरलेले दुसरे सस्पेन्शन असावे लागते. ‘तोडीचे’ म्हणजे काय याचीही व्याख्या आहे: हेलकाव्याची लय सेकंदाला दोनपेक्षा जास्त नसावी, हेलकावा ठरलेल्या प्रमाणात जिरला पाहिजे, आणि शॉक काढून टाकल्यावर जिरण्याची ही शक्ती निम्म्याहून अधिक उरता कामा नये. म्हणजे निदान अर्धे काम शॉकनेच केले पाहिजे, घासण्यावर विसंबता येणार नाही. रस्त्याला जपणारी गाडी कोणती, हे ठरवताना त्यांनी शॉकला मध्यभागी ठेवले आहे. आपण गाडी घेताना हवा की पाटे यावर तासभर वाद घालतो आणि शॉक कोणत्या प्रतीचा आहे हे विचारतही नाही.

आमच्या मेस्त्रींनी शिकवलेली परीक्षा अगदी साधी आहे. गाडी खराब रस्त्यावर वीस-पंचवीस किलोमीटर चालवून आणावी आणि थांबल्याबरोबर प्रत्येक शॉकच्या अंगाला हात जपून लावून बघावा. “गरम हाय म्हणजे काम करतंय, गार हाय म्हणजे मेलंय,” असे ते म्हणतात, आणि त्यामागचे कारण स्पष्ट आहे: हेलकाव्याची शक्ती शॉकच्या तेलात उष्णता होऊन जिरते, तेव्हा जो शॉक तापला नाही त्याने काही जिरवलेलेच नाही. आम्ही हा प्रयोग हवेच्या गाडीवर केला, तेव्हा मागचा उजवा शॉक हाताला गार लागला. बाहेर तेलाचा थेंबही नव्हता. त्याच बाजूच्या टायरवर ठराविक अंतराने चट्टे पडले होते आणि आम्ही त्याचा दोष महिनाभर अलाइनमेंटला देत होतो. शॉकची जोडी बदलल्यावर नव्या टायरवर चट्टे पडले नाहीत. शॉक नेहमी जोडीनेच बदलावेत, एक नवा आणि एक जुना ठेवला तर गाडी वाकड्या चालीने चालते. हवेच्या बऱ्याच गाड्यांत शॉकवर आणखी एक जबाबदारी असते, जी मला फार उशिरा कळली. चाक खड्ड्यात लटकले, की ॲक्सल किती खाली जावा याची मर्यादा शॉकच्या लांबीने ठरते. शॉकचा डोळा (तो जेथे जोडला जातो ते कडे) तुटला तर फुगा प्रमाणाबाहेर ताणला जाऊन बैठकीतून सुटू शकतो. तेव्हा त्या गाडीत दुर्लक्षित शॉकची किंमत फुग्याने मोजावी लागते.

घाटातील वळणांवर हवेची गाडी अधिक कलते का, असे बरेच जण विचारतात. आमची गाडी थोडी अधिक कलते, आणि विशेषतः उंच रचलेल्या मालावर ते जाणवते. उंची राखणारा व्हॉल्व्ह येथे मदतीला येत नाही, कारण तो सावकाश काम करतो आणि वळण तोवर संपलेले असते. येथे काम करतात ते आडवे दांडे, अँटी-रोल बार (कलणे रोखणारी सळई) आणि पुन्हा शॉकच. तंबाखूची बोंदे किंवा गवताचे भारे असा हलका पण उंच माल नेणाऱ्यांनी भरलेली गाडी घाटात चालवून पाहिल्याशिवाय हवेची गाडी घेऊ नये. टिपरवाल्यांनी तर हा विचार सोडूनच द्यावा असे माझे मत आहे. हौदा उचलण्यापूर्वी फुग्यांतली हवा सोडावी लागते, नाहीतर उचललेला हौदा फुग्यांवर डोलतो, आणि घाईच्या खेपांमध्ये ही शिस्त पाळली जात नाही. जादा भर घालण्याची ज्यांना सवय आहे, त्यांनाही हवा साथ देणार नाही. पाटा गैरवापर काही काळ मुकाट्याने सोसतो, फुग्याचा दाब मात्र मर्यादेला येऊन थांबतो आणि गाडी ठोकळ्यांवर बसते.

पाट्यांची गाडी घेऊन नंतर बाहेरून हवेचा संच बसवून घ्यावा, असाही सल्ला काही जण देतात. मी तसे करणार नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीच्या मूळ बांधणीत बदल करण्यावर बंधन घालते, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही उत्पादकाने दिलेल्या मूळ स्वरूपाला धरूनच निकाल दिला आहे. अपघात झाल्यावर विम्याच्या माणसाने गाडीखाली वाकून पाहिले आणि कागदावर नसलेले फुगे त्याला दिसले, तर पुढचा त्रास गाडीमालकाचाच. हवा घ्यायची तर ती कारखान्यातूनच घ्यावी आणि कागदोपत्री नोंद असावी.

आणखी एक सावधगिरी वाचनाबाबत सांगतो. इंटरनेटवर ट्रकच्या एअर सस्पेन्शनविषयी जे विपुल लिहिलेले आढळते, ते बहुतेक अमेरिकेतील पिकअप गाड्यांविषयी असते, कारण तेथे पिकअपलाच ट्रक म्हणतात. २०१३ च्या रॅम १५०० मध्ये चारही चाकांवर कंपनीचे एअर सस्पेन्शन मिळू लागले, तेव्हापासून तेथे हा वाद जोरात आहे. तिकडच्या तक्रारी थंडीत नळीत गोठणाऱ्या ओलीच्या आणि विजेवर चालणाऱ्या छोट्या कॉम्प्रेसरच्या असतात. आपल्या ट्रकचा कॉम्प्रेसर इंजिनवर असतो आणि आपल्याकडे नळीत काही गोठत नाही. म्हणून ती वर्णने वाचून घाबरूही नये आणि त्यांच्या आरामाच्या गोष्टी ऐकून भुलूही नये. आपल्या भागात हवेची खरी परीक्षा पाहायची असेल, तर बेळगावहून बंगळूरला जाणाऱ्या व्होल्वो बसच्या शेवटच्या बाकावर एक रात्र बसून पाहावे. ती चाल हवेचीच आहे, आणि तिच्यामागे आगारातील नियमित देखभालही आहे.

तिसऱ्या गाडीसाठी आम्ही शेवटी पॅराबोलिक पाटेच सांगितले आहेत, कारण ती खानापूर, चोर्ला आणि आंबोलीच्या कामावर राहणार आहे, जेथे बंद पडलेली गाडी त्याच दिवशी उभी करता येणे हे चालीच्या मऊपणापेक्षा मोठे आहे. कौलांची फूट कमी करण्यासाठी तळाला भाताच्या पेंढ्याचा जाड थर, उभी रचाई आणि दोन ओळींमध्ये आडवे बांबू, या खानापूरच्या हमालांच्या जुन्या पद्धतीने आम्हाला सस्पेन्शनइतकाच फायदा दिला आहे. हवेची गाडी पुण्याच्या मार्गावरून हलवायची नाही असे ठरले आहे. तेथे ती आपले मोल चोख देते आणि पुन्हा त्याच कामासाठी गाडी घ्यायची झाली तर मी हवाच घेईन. मात्र पुढच्या वेळी आगाऊ रक्कम देण्यापूर्वी उंचीचा व्हॉल्व्ह, त्याची कडी आणि एक फुगा बेळगाव किंवा हुबळीच्या साठ्यात आज प्रत्यक्ष आहे का, हे विक्रेत्याला कपाट उघडून दाखवायला सांगणार आहे, आणि मागच्या शॉकचा भाग क्रमांक कोटेशनवर लिहून घेणार आहे.